लाळ्या-खुरकूत लपवावा लागतो, म्हणून तो जात नाही

दिवाळीच्या पुढेमागे सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर ऊसतोडीच्या बैलगाड्या दिसू लागतात. बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या आणि आपल्याच जतकडची माणसं कृष्णाकाठी उतरतात, कारखान्यांच्या आसपास कोप्या पडतात आणि पुढचे चार-पाच महिने त्यांचे बैल इथेच राबतात. त्याच हंगामात जत्रा भरतात. पुसेगावला सेवागिरी महाराजांची, जतला यल्लमादेवीची, खरसुंडीला सिद्धनाथाची पौषातली. खिल्लार खोंड बघायला आणि घ्यायला कर्नाटकातूनही माणसं येतात. हे सगळं आपल्या जगण्याचा भाग आहे आणि ते बंद पडावं असं मला मुळीच वाटत नाही. पण जनावरांच्या तोंडात आणि खुरांत फोड आणणाऱ्या लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला फिरायला याहून चांगली सोय दुसरी नाही, हेही तितकंच खरं आहे. साधारण याच दिवसांत सकाळी डेअरीवर किटल्या रिकाम्या करताना कुणीतरी आवाज खाली आणून सांगतं, अमक्याच्या गोठ्यात लाळ्या आलाय म्हणे. ती कुजबुज जनावरांच्या सरकारी दवाखान्यापर्यंत पोचते तेव्हा आजूबाजूचे दोन-चार गोठे बसलेले असतात.

ही बातमी दवाखान्यात सर्वांत शेवटी का पोचते? लाळ्या-खुरकुताविषयीच्या आपल्या चर्चेत लस, निधी, ॲप, उद्दिष्टं सगळं येतं, हा प्रश्न मात्र येत नाही. माझ्या मते देशातला हा रोग जाणार की नाही, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे. आज आपल्याकडे रोग सांगणाऱ्याचं नुकसान होतं आणि लपवणारा निभावून जातो. ही व्यवस्था उलटी केल्याशिवाय लशीवर केलेला खर्च पूर्णपणे फळाला येणार नाही.

आधी जे झालं आहे त्याचं श्रेय द्यायला हवं. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस (जनावरांचा गाभ पाडणारा रोग) या दोन रोगांसाठी पाच वर्षांत १३,३४३ कोटी रुपये, सगळा खर्च केंद्राचा. २०२५ पर्यंत रोग आटोक्यात आणायचा आणि २०३० पर्यंत त्याचं निर्मूलन करायचं, असं उद्दिष्ट ठेवलं. गाई-म्हशींबरोबर शेळ्या, मेंढ्या आणि डुकरंही त्यात घेतली. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. एवढ्या जनावरांना दर सहा महिन्यांनी दारात जाऊन फुकट लस टोचायची, हे लहान काम नाही. एप्रिल-मेच्या उन्हात मोटरसायकलला बर्फाचा डबा अडकवून वाड्या-वस्त्या पालथ्या घालणाऱ्या पर्यवेक्षकांनी आणि लसटोचकांनी ते केलं आहे. रोगाचा जोर पूर्वीपेक्षा उतरला आहे, हे गोठ्यात वावरणारा कोणीही सांगेल. पण रोग गेलेला नाही.

याचं एक कारण खुद्द विषाणूत आहे. लाळ्याच्या विषाणूचे जगात सात प्रकार आहेत. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ हे तीन फिरतात आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला उपयोगी पडत नाही, म्हणून आपली लस तिन्हींची मिळून असते. ती मेलेल्या विषाणूची लस आहे. तिचं बळ सहा महिन्यांच्या आसपास टिकतं. पहिल्यांदा लस घेणाऱ्या वासराला महिन्याभरात दुसरी मात्रा लागते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये जन्मलेली वासरं तोवर उघडीच राहतात. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, गोठली तरी वाया आणि तापली तरी वाया. त्यातच बरं झालेल्या जनावराच्या घशात हा विषाणू कित्येक महिने राहू शकतो.

बुळकांडी या गुरांच्या जुन्या साथीशी याची तुलना केली की फरक कळतो. बुळकांडीने एकेकाळी आपल्या गावांतले गोठेच्या गोठे रिकामे केले. तिचा शेवटचा रुग्ण भारतात १९९५ मध्ये सापडला, २००६ मध्ये देश रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जगानेच तिच्यापासून सुटका झाल्याचं जाहीर केलं. तिथे एकदा टोचलेली लस जन्मभर पुरत होती आणि बरं झालेलं जनावर रोग बाळगत नव्हतं. तरीही ती नुसत्या लशीने गेली नाही. शेवटच्या टप्प्यात लस मुद्दाम थांबवली आणि माणसं गावोगाव रोग शोधत फिरली. दवाखान्यांच्या दैनंदिन नोंदवह्या तपासल्या, जनावरांचे कळप ज्या वाटांनी जातात त्या वाटांवर उभं राहून पाहणी केली आणि शेतकऱ्याला विचारलं. जन्मभराची लस असलेल्या रोगासाठी एवढी शोधाशोध लागली, तर सहा महिन्यांची लस असलेल्या रोगासाठी किती लागेल?

आणि शोधायचं म्हणजे शेतकऱ्याने सांगायला हवं. तो का सांगत नाही, हे एका गोठ्यात उभं राहून बघू.

धरा, खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात एका घरी तीन संकरित गाई आहेत. दिवसाला चाळीसेक लिटर दूध जातं. दर दहा दिवसांनी बिल होतं, त्यातून पेंडीचे पैसे आणि गाईच्या कर्जाचा हप्ता वळता होतो, उरलेल्यावर घर चालतं. एके दिवशी पहाटे मधली गाय वैरणीला तोंड लावत नाही. अंग तापलेलं. दुपारपर्यंत तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागतात, जबडा चपचप वाजतो. जीभ ओढून पाहिली तर वरचं कातडं सालीसारखं हातात येतं. संध्याकाळी ती पाय झटकते, खुराच्या बेचक्यात फोड दिसतात. सड धरू देत नाही. तिला पिणारं वासरू असेल तर ते काही न दाखवता एका रात्रीत मरूनही जातं, कारण लहान वासरात हा विषाणू थेट हृदय गाठतो. मोठी गाय सहसा मरत नाही. पंधरा दिवसांत खायला लागते. पण त्या वेताचं दूध परत पूर्वीसारखं येत नाही, पुढे माज नीट दिसत नाही आणि उन्हाळा आला की ती सावलीतही धापते.

आता त्या घरच्या माणसापुढे दोन रस्ते असतात. दवाखान्यात कळवलं तर गोठ्यावर बोट दाखवलं जाणार. डेअरीवर त्याच्या किटलीकडे लोक बघणार, काही ठिकाणी दूध नाकारलं जाणार. शेजारी वैरणीची देवाणघेवाण थांबवणार. जनावराला गिऱ्हाईक राहणार नाही. आणि या सगळ्याच्या बदल्यात हातात काय पडणार? मलम, इंजेक्शन आणि सल्ला. न कळवता रात्री व्यापाऱ्याला फोन केला, तर अजून धडधाकट दिसणाऱ्या दोन गाई पहाटेच्या आत टेम्पोत चढतात, थोड्या कमी पैशांत का होईना पण सौदा होतो. आजारी गाय मागच्या छपरात बांधून मिठाच्या आणि तुरटीच्या पाण्याने घरच्या घरी बरी करता येते.

त्या दोन गाई धडधाकट नसतात, हीच या रोगातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. लक्षणं दिसायच्या आधी काही दिवस दुधातून आणि लाळेतून विषाणू बाहेर पडत असतो. म्हणजे भीतीपोटी विकलेलं जनावर हेच रोगाचं सर्वांत वेगवान वाहन ठरतं. त्या माणसाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. लाखाच्या घरातली गाय आणि डोक्यावर हप्ता असताना त्याने गावाचा विचार करावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

कायदा तशी अपेक्षा करतो. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या केंद्रीय कायद्याने मालकावर रोग कळवण्याचं बंधन घातलं आहे, न पाळल्यास दंड सांगितला आहे. तो कायदा हवाच. पण ज्या गावात पोलीस पाटलापासून डेअरीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या दावणीला जनावरं आहेत आणि सगळ्यांना तीच भीती आहे, तिथे नुसत्या दंडाच्या धाकाने कोण कुणाला पकडून देणार?

बातमी उशिरा आली की काय होतं, याचा सर्वांत महागडा धडा ब्रिटनला २००१ मध्ये मिळाला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात डुकरांमध्ये रोग दिसला. माग काढत गेल्यावर नॉर्थम्बरलंडमधलं एक डुक्करपालन केंद्र सापडलं. तिथे रोग आधीपासून होता आणि कळवला गेला नव्हता. तोवर जवळच्या शेतातल्या मेंढ्यांनी तो उचलला होता आणि हेक्सम व लाँगटाउनच्या बाजारांतून त्या मेंढ्या देशभर गेल्या होत्या. मेंढीत हा रोग सौम्य असतो, चटकन ओळखू येत नाही. दोन हजारांहून अधिक ठिकाणी लागण झाली आणि ६० लाखांवर जनावरं मारून टाकावी लागली. उत्तम दवाखाने आणि तयार यंत्रणा असलेल्या देशात हे घडलं, कारण पहिले काही आठवडे हातचे गेले.

मारून टाकण्याचा तो मार्ग आपल्याकडे नाही आणि नसावा. आपलं मन त्याला परवानगी देत नाही. बेंदराला बैलाची शिंगं रंगवून त्याला पुरणपोळी खाऊ घालणाऱ्या घरात जाऊन निरोगी दावण संपवा, असं सांगणारा माणूस आपल्याला नको आहे. पण याचा अर्थ नीट समजून घेऊ. ज्या देशाने हा शेवटचा उपाय सोडून दिला, त्याच्याकडे लस, हालचालीवरचं नियंत्रण आणि लवकर आलेली बातमी एवढ्याच तीन गोष्टी उरतात. त्यातली तिसरी आपण शेतकऱ्याच्या चांगुलपणावर सोडली आहे.

दुसरीची, म्हणजे हालचालीवरच्या नियंत्रणाची, कथा जनावरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पीच्या वेळी सगळ्यांनी पाहिली. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी राज्यभर पसरला, जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती आणि प्रदर्शनं थांबली. ते करणं भागच होतं. पण उघडा बाजार बंद झाला म्हणून गरज थांबत नाही. वैरण संपलेली असते, पोरीचं लग्न ठरलेलं असतं, हप्ता थकलेला असतो. सौदे दारात होऊ लागले, दर पडले आणि जनावरं अशा वाटांनी फिरली जिथे बघणारं कुणी नव्हतं. मदत मिळाली ती जनावर मेल्यावर. गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. अनेक घरं त्या पैशाने सावरली, सरकारने ते चांगलंच केलं. पण पहिल्या दिवशी गाठ दिसताच ज्याने फोन केला, जनावर वेगळं बांधलं, महिनाभर सेवा करून वाचवलं, त्याच्या बुडालेल्या दुधाचं काय? आणि लाळ्यात तर मोठं जनावर सहसा मरतच नाही, म्हणजे मृत्यूवर आधारलेली मदत या रोगाला फारशी लागूच पडत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गावातला पहिला रोगी गोठा जो कळवेल, त्याच्या दुधाचं बिल सरकारने आणि दूध संघाने मिळून तीन आठवडे भरावं. बदल्यात त्या घरातून जनावर, वैरण आणि शेण तेवढे दिवस बाहेर जाणार नाही. रक्कम ठरवायला पंचनाम्याचीही गरज नाही. प्रत्येक सभासदाचं रोजचं लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) संकलन केंद्राच्या संगणकात आहे. मागच्या तीन बिलांची सरासरी काढायची आणि नेहमीच्या तारखेला नेहमीच्या खात्यावर जमा करायची. वर सांगितलेल्या तीन गाईंच्या गोठ्याचा हिशेब केला, तर ही रक्कम पंचवीस-तीस हजारांच्या आसपास जाईल. त्या एका गोठ्यातून रोग गावभर गेला तर तेवढ्या पैशांचं दूध एकट्या गावातून दोन दिवसांत बुडतं. संघाला यात उपकार करायचे नाहीत, स्वतःचं संकलन वाचवायचं आहे.

फसवणूक होईल, बिल मिळतंय म्हणून कुणीही तोंडात फोड असल्याचं सांगेल, अशी शंका लगेच येते. ती रास्त आहे, पण तिला उत्तर आहे. फोडाच्या नमुन्यातून विषाणू ओळखता येतो. लशीने आलेली प्रतिकारशक्ती आणि रोग होऊन आलेली प्रतिकारशक्ती रक्ताच्या तपासणीत वेगळी करता येते. उलट या नमुन्यांमुळे कुठल्या भागात कुठला प्रकार फिरतोय आणि आपली लस त्याला जुळते का, ही आज सर्वांत कमी मिळणारी माहिती आपोआप हाती येईल. दहा खोटे फोन आले आणि अकरावा खरा निघाला, तरी मी तो व्यवहार फायद्याचा मानेन.

कानातला बिल्ला या मदतीची अट करू नये, असंही मला वाटतं. राज्याने १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला मनाई केली आहे. बारा अंकी क्रमांकामुळे जनावराचा माग काढता येतो, त्याचं महत्त्व मला मान्य आहे. पण अनेक खिल्लारवाले कान खराब होतो, जत्रेत किंमत उतरते म्हणून बिल्ला मारू देत नाहीत आणि अशा घरी रोग शिरला तर तेही बिल्ला नाही या भीतीने गप्प बसतील. आधी बातमी येऊ द्या. बिल्ला त्याच दिवशी मारता येतो.

लस नाकारणाऱ्यांकडेही याच नजरेने बघायला हवं. लसवाले वस्तीवर आले की "गाभण हाय, नको" म्हणून दावण मागे नेणारी माणसं अडाणी नाहीत. टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध घटतं, काही वेळा अंग तापतं, हा त्यांचा अनुभव खरा आहे. तो नाकारून नुसती पत्रकं वाटण्यापेक्षा, लशीनंतरच्या दोन-तीन दिवसांची तूट संघाने भरून दिली तर लसवाल्यांना दावण शोधत फिरावं लागणार नाही. आणि फेरीची तारीख कागदावरच्या सोयीने न ठरवता इथल्या हालचालीच्या आधी ठरवावी. कारखान्याची धुराडी पेटायच्या तीन-चार आठवडे आधी, जत्रांच्या आधी आणि माण-खटाव-आटपाडीचे मेंढपाळ आपले वाडे, म्हणजे मेंढ्यांचे कळप, घेऊन निघायच्या आधी. मेंढ्या लसीकरणात नावाला घेऊन चालणार नाही, ब्रिटनमध्ये रोग त्यांच्याच पायांनी फिरला. वाटेवरचा कळप गावच्या यादीत नसतो, म्हणून तो ज्या गावी मुक्काम करेल तिथल्या दवाखान्याने तिथेच लस द्यावी.

ऊसतोडीच्या बैलांचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. दूधवाल्याकडे निदान डेअरीचं बिल आहे. टोळीवाल्याकडे अंगावर घेतलेली उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, आहेत. बैलाच्या खुराच्या बेचक्यात जखम झाली तर दिवस बुडतो आणि उचल फिटत नाही, म्हणून लंगडणाराच बैल जुंपला जातो. गाडीत टनांनी ऊस आणि खाली डांबरी रस्ता. खूर सोलवटून मोकळं होईपर्यंत तो ओढत राहतो. हे दृश्य गाळप हंगामात रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं आणि आपण गाडीची काच वर करून पुढे जातो. तो बैल वाटेतल्या प्रत्येक हौदावर पाणी पितो, कारखान्याच्या गव्हाणीबाहेरच्या रांगेत शेकडो बैलांच्या शेजारी उभा राहतो. त्याला पंधरा दिवस विश्रांती मिळणं ही त्याच्या जिवाचीही गरज आहे आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक गोठ्याचीही. त्या पंधरा दिवसांची मजुरी टोळीला मिळाली तरच ती विश्रांती मिळेल. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचं धोरण राज्याने स्वीकारलेलं आहे. त्यातून हा खर्च उचलावा, ही मागणी कामगार संघटनांनी आणि दूध उत्पादकांनी एकत्र करायला हवी. आजवर हे दोन घटक एकाच मुद्द्यावर कधी एकत्र आल्याचं मी पाहिलेलं नाही.

लाळ्यामुक्त विभाग करण्यासाठी केंद्राने निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. त्याने निर्यातीची दारं उघडतील, ते चांगलंच. मला त्याहून जवळची गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन गाईंवर घर चालवणाऱ्या बाईला पहाटे लाळेची तार दिसली, तर तिने आधी व्यापाऱ्याला फोन न करता १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला करावा आणि तो केल्याबद्दल तिला गावात मान खाली घालावी लागू नये.

यासाठी सगळा देश बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. कारखान्यांचे आणि टोळ्या आणणाऱ्या मुकादमांचे करार उन्हाळ्या-पावसाळ्यात होतात, उचल तेव्हाच दिली जाते. त्या करारात बैलांचे बिल्ला क्रमांक आणि लस टोचल्याची तारीख लिहून घ्यायची, लस नसेल तर टोळी निघायच्या आधी तिच्या गावीच ती टोचून घ्यायची आणि आजारी बैलाच्या मजुरीचं कलम त्यात घालायचं, एवढं काम सांगली-साताऱ्यातला कुठलाही एक कारखाना आणि एक दूध संघ येत्या हंगामापासून आपल्या कार्यक्षेत्रापुरतं सुरू करू शकतो. त्याला ना नवा कायदा लागतो, ना दिल्लीची मंजुरी. संचालक मंडळाच्या एका बैठकीत तो ठराव होऊ शकतो आणि सभासद म्हणून येत्या वार्षिक सभेत तो मांडायचा अधिकार आपल्यातल्या हजारो लोकांना आहे.